घरकुलाचे पैसे नेमके किती? पाया खणण्याआधी हा हिशेब मांडा, नाहीतर काम जोत्यावरच अडकेल

कोणत्याही गावात एक चक्कर मारली की असं एखादं घर दिसतंच. जोता बांधून झालेला, कॉलमच्या सळया वर निघालेल्या आणि गंजलेल्या, आत गवत उगवलेलं. शेजारी जुन्या पत्र्याच्या खोपटात तेच कुटुंब राहतं. घरकुल मंजूर झालं होतं, पहिला हप्ताही पडला होता. मग काम का थांबलं? गावात उत्तर ठरलेलं असतं, "पैसे पुरले नाहीत."

हे उत्तर खरं आहे, पण अर्धंच. सरकार घरकुलासाठी जी रक्कम देतं ती घराची पूर्ण किंमत नसते. सरकारी कागदावर तिला 'अर्थसाहाय्य' म्हणतात, म्हणजे मदत. ही मदत एका ठरावीक आकाराच्या घरासाठी, ठरावीक टप्प्यांवर आणि तीन-चार वेगवेगळ्या योजनांमधून येते. यातला एक जरी भाग सुटला किंवा घराचा आकार वाढला, तर हिशेब कोलमडतो.

सरकारचा ठरलेला आकडा कोणता?

ग्रामीण भागातल्या घरकुलासाठी केंद्राची मुख्य योजना म्हणजे प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण. यात सपाट भागात प्रति घर १ लाख २० हजार रुपये आणि डोंगराळ, दुर्गम व नक्षलग्रस्त म्हणून ठरवलेल्या भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. महाराष्ट्रात या रकमेतला ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा असतो. म्हणजे १ लाख २० हजारांत ७२ हजार दिल्लीचे आणि ४८ हजार मुंबईचे.

घर किती मोठं हवं तेही ठरलेलं आहे. स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. १ लाख २० हजारांना २६९ ने भागलं तर प्रति चौरस फूट सुमारे ४४६ रुपये येतात. आपल्या गावात गवंडी आणि ठेकेदार साहित्यासह चौरस फुटाला काय दर सांगतात, तो या ४४६ च्या शेजारी ठेवून पाहावा. फरक लगेच कळतो.

हा आकडा एवढा कमी का राहिला?

२०१० साली इंदिरा आवास योजनेत सपाट भागात घरामागे ४५ हजार रुपये मिळत होते. २०१३ मध्ये ते ७० हजार झाले. २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली, तेव्हा घराचं किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर झालं आणि रक्कम १ लाख २० हजार झाली. सहा वर्षांत आकडा अडीच पटीहून जास्त वाढला. त्यानंतर मात्र तो तिथेच थांबला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४-२५ ते २०२८-२९ या पाच वर्षांसाठी आणखी २ कोटी घरांना मंजुरी दिली, तीही १ लाख २० हजार आणि १ लाख ३० हजार याच दराने.

आता दुसरा सरकारी आकडा बघा. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०१६-१७ मध्ये दिवसाला १९२ रुपये होती. २०२५-२६ मध्ये ती ३१२ रुपये होती. मजुरीचा दर महागाईच्या निर्देशांकाला जोडलेला असल्यामुळे दरवर्षी वाढत गेला. घरकुलाची मूळ रक्कम कशालाच जोडलेली नाही, म्हणून ती वाढली नाही. ती मजुरीच्याच प्रमाणात वाढली असती, तर २०२५-२६ मध्ये १ लाख २० हजारांच्या जागी १ लाख ९५ हजार झाली असती.

यामागे तिजोरीचं गणितही आहे. २ कोटी घरांसाठी प्रत्येकी फक्त १० हजार रुपये वाढवायचे ठरवले तरी २० हजार कोटी रुपये लागतात. ठरलेल्या पैशात दर वाढवला की घरांची संख्या कमी होते आणि संख्या वाढवली की दर जागेवर राहतो. सरकारने संख्या वाढवण्याचा रस्ता धरला. त्यातून यादीतली जास्त नावं मंजूर झाली हे खरं, पण वाढलेल्या खर्चाचं ओझं घर बांधणाऱ्या कुटुंबावर आलं. संसदेच्या ग्रामविकासविषयक स्थायी समितीनेही ही रक्कम वाढवावी अशी शिफारस केली आहे.

हा दर सगळीकडे सारखा नाही. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या आदिम जमातींसाठी असलेल्या पीएम-जनमन योजनेत घरामागे २ लाख रुपये आहेत. शहरी आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख मिळतात. सिमेंट आणि सळई मात्र तालुक्याच्या गावात घ्या नाहीतर खेड्यात, भावात फार फरक पडत नाही. उलट खेड्यात वाहतूक वाढते.

मग '२ लाख १० हजार' हा आकडा कुठून आला?

राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणच्या टप्पा २ मधल्या लाभार्थ्यांसाठी ५० हजार रुपये वाढवून दिले. तेव्हापासून "घरकुलाला दोन लाख दहा हजार" हे वाक्य चावडीवर ऐकू येतं. पण ही रक्कम एकगठ्ठा खात्यात पडत नाही. तिचे भाग असे आहेत:

- मूळ अर्थसाहाय्य: १,२०,००० रुपये
- रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने: २८,०८० रुपये
- स्वच्छ भारत अभियानातून शौचालय: १२,००० रुपये
- राज्याची वाढ, घर बांधकामासाठी: ३५,००० रुपये
- राज्याची वाढ, छतावरच्या सौर पॅनेलसाठी: १५,००० रुपये
- एकूण: २,१०,०८० रुपये

यातल्या प्रत्येक भागाला अट आहे. सौरचे १५ हजार फक्त प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून पॅनेल बसवणाऱ्यालाच मिळतात. पॅनेल नाही तर ते पैसेही नाहीत. शौचालयाचे १२ हजार त्या कुटुंबाने आधी कधी घेतले असतील तर पुन्हा मिळत नाहीत. रोजगार हमीचे २८ हजार तर जॉब कार्ड असेल, कामाची मागणी नोंदवलेली असेल आणि हजेरीपट निघाला असेल तरच येतात. डोंगराळ आणि दुर्गम भागात ही मजुरी ९५ दिवसांपर्यंत असते.

म्हणजे भिंती आणि छतासाठी खरे हाती येणारे पैसे तीनच: १ लाख २० हजार, ३५ हजार आणि मजुरीचे २८ हजार ८०. बेरीज १ लाख ८३ हजार ८० रुपये. २६९ चौरस फुटांना ते सुमारे ६८० रुपये पडतात. ४४६ पेक्षा बरे, पण तरीही पूर्ण घराचे नाहीत.

एक खबरदारी. रमाई, शबरी, पारधी, यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि मोदी आवास या राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. शेजाऱ्याला प्रधानमंत्री आवासमधून जे मिळालं ते रमाईच्या किंवा शबरीच्या लाभार्थ्याला तसंच मिळेल असं धरून चालू नये. आपलं मंजुरीपत्र कोणत्या योजनेचं आहे ते आधी वाचावं.

पैसे कधी पडतात? खरी अडचण पहिल्याच टप्प्यावर

राज्यात १ लाख २० हजार रुपये चार हप्त्यांत दिले जातात.

- पहिला हप्ता १५ हजार: घर मंजूर झाल्यावर
- दुसरा हप्ता ७० हजार: पाया आणि जोता पूर्ण झाल्यावर
- तिसरा हप्ता ३० हजार: भिंती लिंटेल-छताच्या पातळीला आल्यावर
- चौथा हप्ता ५ हजार: शौचालयासह घर पूर्ण झाल्यावर

प्रत्येक टप्प्यावर ग्रामीण गृहनिर्माण अभियंता किंवा नेमलेला कर्मचारी जागेवर येऊन मोबाइल अॅपमधून फोटो काढतो. यालाच जिओ टॅगिंग म्हणतात. फोटो मंजूर झाला की पुढचा हप्ता थेट लाभार्थ्याच्या आधार जोडलेल्या बँक खात्यात येतो.

इथेच बहुतेक घरं अडकतात. मोठा, ७० हजारांचा हप्ता जोता झाल्याशिवाय येत नाही आणि जोता करायला हातात फक्त १५ हजार असतात. खोदाई, दगड किंवा फुटिंग, सळई, सिमेंट, मुरमाचा भराव आणि गवंड्याची मजुरी एवढं सगळं १५ हजारांत बसवणं अवघड आहे. म्हणून जोत्यापर्यंत स्वतःचे किती लागतील ते खोदाई सुरू करण्याआधी जमवून ठेवावं लागतं. ही सोय झाली की ७० हजार मिळतात आणि भिंती उभ्या राहतात. सोय झाली नाही की सळया गंजत बसतात.

दोन घरांचा हिशेब

समजा, एका गावात साहित्यासह बांधकामाचा दर चौरस फुटाला १,२०० रुपये आहे. प्रत्येक गावात दर वेगळा, तेव्हा आपला दर टाकून हाच हिशेब करावा.

पहिलं कुटुंब २६९ चौरस फुटांचंच घर धरतं. खर्च ३ लाख २२ हजार ८०० रुपये. मदत १ लाख ८३ हजार ८०. स्वतःचे घालायचे १ लाख ३९ हजार ७२०.

दुसरं कुटुंब म्हणतं, "आयुष्यात एकदाच घर होतंय, जरा मोठंच बांधू." ते ४०० चौरस फुटांचा पाया खणतं. खर्च ४ लाख ८० हजार. मदत तेवढीच, १ लाख ८३ हजार ८०. स्वतःचे घालायचे २ लाख ९६ हजार ९२०.

घर निम्म्याने मोठं झालं, पण खिशातून जाणारी रक्कम दुपटीहून जास्त वाढली. कारण वाढलेल्या प्रत्येक फुटाचा पूर्ण खर्च कुटुंबाचाच असतो. सरकारचा आकडा घर वाढलं म्हणून वाढत नाही. मोठं घर बांधायला बंदी नाही, पण ते पैसे हातात असतील तरच.

मधला रस्ता आहे. आधी २६९ चौरस फुटांचं घर पूर्ण करावं आणि पुढे खोली काढायची त्या बाजूच्या भिंतीत विटांचे दात मोकळे सोडायला गवंड्याला सांगावं. दाराची जागाही त्याच हिशेबाने ठेवावी. चारही हप्ते पदरात पडतात, डोक्यावर छत येतं आणि दोन-चार वर्षांनी पैसे आले की खोली जोडता येते.

स्लॅबच टाकला पाहिजे, असाही नियम नाही. घर पक्कं आणि टिकाऊ हवं. पत्र्याचं छतही चालतं. एवढ्या पैशात स्लॅब बसत नसेल तर गावात नाव राखायला तो टाकून कर्जात जाण्याची गरज नाही.

तूट कशी भरायची?

पहिलं साधन म्हणजे वाळू. घरकुल लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची राज्याची तरतूद आहे आणि २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलांसाठी वाळू राखून ठेवली आहे. त्यासाठी तहसील कार्यालयाकडून पास घ्यावा लागतो. वाहतूक मात्र स्वतःच्या खर्चाने. ट्रॅक्टरचं भाडं आधी ठरवावं आणि शक्य असेल तर दोन-तीन लाभार्थ्यांनी मिळून वाहन करावं.

दुसरं साधन म्हणजे रोजगार हमीची मजुरी. हे २८ हजार सर्वात जास्त सुटतात, कारण घर बांधून होतं आणि हजेरीपट काढायचा राहून जातो. मागचे दिवस नंतर लावता येत नाहीत. म्हणून खोदाईच्या आधीच जॉब कार्ड आणि कामाची मागणी ग्रामरोजगार सेवकाकडे द्यावी. जोत्याच्या टप्प्यावर हातात पैसे कमी असतात, त्याच वेळी ही मजुरी सुरू झाली तर मोठा आधार होतो.

तिसरं साधन म्हणजे कर्ज. ज्याला हवं असेल त्याला बँकेकडून ७० हजारांपर्यंत कर्ज मिळवून देण्याची तरतूद योजनेत आहे. घरातली बाई उमेद अभियानाच्या बचत गटात असेल तर गटातूनही कर्ज मिळू शकतं. सावकाराकडे जाण्याआधी हे दोन दरवाजे ठोठावून बघावेत.

ज्याच्याकडे घर बांधायला जागाच नाही, त्याच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आहे. तिची मदत ५० हजारांवरून १ लाख रुपये करण्यात आली आहे. ही मदत जागेसाठीच असते. ती बांधकामाच्या हिशेबात धरू नये.

राज्याच्या वाढीव ३५ हजारांबाबतही सावध हिशेब केलेला बरा. ते शेवटी येतील असं धरूनच बांधकामाची आखणी करावी. आधी आले तर चांगलंच.

इथे फसगत होते

योजनेच्या नियमानुसार घरकुलात ठेकेदार आणता येत नाही. घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचं असतं. गवंडी लावणं, मजूर लावणं वेगळं. पण "पासबुक आणि एटीएम माझ्याकडे द्या, घर बांधून देतो" असं कोणी म्हणत असेल तर त्याच्या हाती पैसे देऊ नयेत. हप्ता त्याच्याकडे गेला आणि काम अर्धवट राहिलं, तर नोटीस लाभार्थ्यालाच येते.

दुसरी चूक घरातूनच होते. खात्यात १५ हजार किंवा ७० हजार दिसले की बियाणं, दवाखाना, लग्न अशी गरज उभी राहते आणि पैसे तिकडे जातात. गरज खोटी नसते. पण काम झालं नाही तर पुढचा हप्ता थांबतो आणि दिलेल्या पैशाच्या वसुलीची कारवाई होऊ शकते. घर मंजूर झाल्यापासून १२ महिन्यांत पूर्ण करायचं असतं.

तिसरी गोष्ट, फोटो काढायला किंवा हप्ता सोडायला कोणी पैसे मागितले तर ते देणं योजनेत कुठेच बसत नाही. लाच मागितल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार करता येते.

कुदळ मारण्याआधी पाच कामं

१. मंजुरीपत्र वाचून योजना कोणती आणि रक्कम किती ते पाहावं. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का तेही तपासावं.

२. ग्रामरोजगार सेवकाकडे जॉब कार्ड आणि कामाची मागणी देऊन पोच घ्यावी.

३. तहसीलमध्ये मोफत वाळूच्या पाससाठी अर्ज करावा.

४. गवंड्याकडून दोन वेगळे आकडे घ्यावेत: जोत्यापर्यंत किती आणि पूर्ण घराला किती. पहिला आकडा हातात असल्याशिवाय खोदाई करू नये.

५. तालुक्यात नमुना घर म्हणून बांधलेलं डेमो हाऊस असेल तर घरातल्या बाईसह जाऊन ते पाहून यावं. २६९ चौरस फुटांत चूल कुठे, न्हाणी कुठे आणि झोपायची जागा कुठे, हे कागदापेक्षा उभ्या घरात लवकर कळतं.

सरकारने आकडा वाढवावा ही मागणी रास्त आहे आणि ग्रामसभेत ती ठरावाने मांडताही येते. पण तो वाढेपर्यंत पाऊस थांबणार नाही. आज हाती असलेल्या आकड्यात बसेल एवढंच घर खणलं, तर येत्या पावसाळ्यात कुटुंब पक्क्या छताखाली असेल. पाया मोठा खणला, तर चिखल आणि खोपट दोन्ही तसेच राहतील.